हंड्यातल्या काचा

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कंदिलाच्या काचा हंड्यात रचणं. श्रावण उतरत आला होता, दर्याला नारळ देऊन झाला होता, होड्यांना डांबर लावून पोरं वाऱ्याकडे बघत बसली होती. वाडीतल्या घराघरातून नव्या काचा आमच्या परसात येऊन पडल्या होत्या. दर वर्षी याच दिवसात यायच्या. मी एकेक काच उचलून आभाळाकडे धरायचो. ती डोळे बारीक करून आरपार बघायची आणि म्हणायची, "ठेवा." नाहीतर, "थांबा, जरा फिरवा."

मी फिरवायचो.

"ह्या बघा, गळ्यापाशी केस हाय. ही मधी नको, कडेला ठेवा."

केस म्हणजे काचेतली रेघ. ती मला कधी दिसायची, कधी नाही. मी "हां" म्हणायचो आणि कडेला ठेवायचो. खाली भाताचा पेंढा, त्यावर काच, मध्ये पेंढा, परत काच. एकीचं अंग दुसरीला लागायचं नाही. वरून गार पाणी आणि मूठभर मीठ. त्या दिवशी एका काचेच्या पोटात तांदळाएवढा बुडबुडा निघाला. ती हसली. "ही आपली," म्हणाली.

बुडबुड्याची काच कायम आमच्या घरात. लोकांना चांगली द्यायची आणि आपल्याला भिकार ठेवायची, ही तिची खोड. मी किती वेळा बोललो तिला. रात्री कंदील लावला की त्या बुडबुड्याचा ठिपका भिंतीवर पडायचा, भोवती काळं कडं आणि मध्ये उजेड. ती काच फिरवून तो ठिपका आपल्या अंथरुणाजवळच्या भिंतीवर आणायची. "माझा चांद," म्हणायची. मी म्हणायचो, "कसला चांद, काचेला आलेला फोड तो."

काचा का उकळायच्या ते सांगायला हवं. आता रत्नागिरीत विजेचे दिवे लागले आणि आमच्या वाडीच्या तोंडाशी खांब पुरलेत. उद्या कोणाला हे ठाऊक नसेल. आमच्या होड्या रात्री कंदील घेऊन जायच्या. लढाईच्या आधी विलायती काच मिळायची. ती पडली तरच फुटायची. मग ती बंद झाली आणि देशी काच आली. हिरवट, बाटलीच्या बुडासारखी. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पापड. वात जरा मोठी केली की टिक्. तापल्या काचेवर लाटेचा एक शिंतोडा आला की टिक्, आणि भर दर्यात अंधार. बाजारातल्या दुकानदाराला मी एकदा फुटकी काच नेऊन दाखवली. तो पान चघळत म्हणाला, "आता आपलं राज्य आहे, आपली काच वापरायला शिका." राज्य आपलं म्हणून फुटकी काच घ्यायची? त्याचे ते तांबडे दात आठवले की अजून मला शिसारी येते.

तिला ही रीत तिच्या आयशीकडून आलेली. ती केळशीची. म्हणायची, ही काच घाईघाईनं गार केलेली असते, म्हणून तिच्या अंगात ओढ राहते. ती ओढ काढायची तर तिला गार पाण्यात बसवायचं, पाणी अगदी सावकाश तापवायचं, उकळी आली की जाळ ओढून घ्यायचा आणि निखाऱ्यांवर राख घालून तसंच सोडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हंड्याला हात लावायचा नाही. झाकण काढायचं नाही. गार पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. आपली आपण गार झाली पाहिजे. मध्येच कोणी शहाणपणा केला तर सगळ्या काचा एकदम जातात. आणि तिनं उकळलेल्या काचा खरंच टिकायच्या. पावस गावचे लोकसुद्धा यायचे.

तर परसातल्या चुलीवर हंडा चढला. मी खळ्यात, अंगणात, जाळं सांधायला बसलो. उकळी आल्यावर तिनं हाक मारली, "अवो, जाळ वढा जरा, माझी छाती भरल्यासारी वाटते." मी जाऊन लाकडं ओढली. तिनं स्वतः वाकून निखाऱ्यांवर राख पसरली, झाकणावर दगड ठेवला, हात झटकले आणि "जरा पडते" म्हणून माजघरात गेली. मी परत जाळ्याशी. थोड्या वेळानं पाणी मागायला आत गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि संपलेली.

त्याचं मी जास्त लिहीत नाही. मला येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचं वाचून मला मळमळतं.

पुढचं मात्र लिहितो, कारण ते कोणी लिहिणार नाही.

माणूस मेल्याची बातमी वाडीत कशी पसरते कुणास ठाऊक. मी ओरडलोसुद्धा नव्हतो. बघता बघता घर भरलं. बायका रडत आल्या. ज्यांनी गेल्या शिमग्यापासून तिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या सगळ्यात मोठ्यानं. एकीनं तर दारात पाय ठेवताना गळा काढला आणि आत आल्यावर शेजारणीला विचारलं, "तुझ्याकडं मासळी काय आली गो आज?" माझ्या नाकात मिश्रीचा, ओल्या लुगड्यांचा आणि घामाचा वास गेला तो अजून गेलेला नाही. माणसं दुःखात इतका घाण वास का मारतात?

माझी थोरली वहिनी, मोठ्या भावाची बायको, आल्या आल्या पदर खोचून उभी राहिली. भाऊ जाऊन बरीच वर्षं झालेली. तेव्हापासून वाडीतल्या प्रत्येक मढ्याचा कारभार तिच्याकडे. तिला त्याचा आनंद होतो असं मी म्हणणार नाही. पण तिच्या चालण्यात फरक पडतो.

आंघोळ घालायला गरम पाणी हवं होतं. वहिनी मागच्या दारी गेली आणि तिथूनच म्हणाली, "परसात हंडा तापलाय की! आयतं पाणी हाय. गो, तांब्या आणा."

मी उठून धावलो. दगड काढायला तिनं हात घातलाच होता.

"वयनी, त्याला हात लावू नको."

"अवो भावजी, तिच्याच आंघोळीला पायजे."

"त्यात काचा हायत. मिठाचं पाणी हाय ते."

"काचा?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मला वेड लागलंय. "बायको मेली हाय तुमची."

"म्हाईत हाय मला."

तेवढ्यात ती मासळी विचारणारी शेजारीण, डोळे पुसत, पुढं आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "दादा, तिनं काय सांगितलं व्हतं काय हो? माझ्या दोन कंच्या त्या?"

अंगात आग लागते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कुणाच्या किती आणि कुठल्या, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. आणि ते डोकं आत वहिनीनं आणलेल्या जुन्या उशीवर ठेवलेलं. मी म्हणालो, "इचारून ये जा आत." शेजारीण मागं सरकली. लाजली मात्र नाही.

पाणी दुसऱ्या घरातून आलं. पण मला कळून चुकलं होतं की हे एवढ्यावर थांबणार नाही. आमच्यात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओततात. माठ, कळशी, घागर, सगळं. शिजलेलं अन्न टाकतात, चूल विझवतात. मी स्वतः दुसऱ्यांच्या घरी हे केलेलं. त्या हंड्यातही घरातलंच पाणी होतं आणि खाली घरातलीच चूल. ते ओतलं, नाहीतर निखाऱ्यावर पाणी मारलं, की आतल्या काचा तडकणार. सबंध वाडीच्या. लोकांच्या काचांचं मला काही पडलं नव्हतं, खरं सांगतो. त्यांना मिळू देत अंधार. पण तिनं हातानं केलेलं एवढं एकच काम अजून पुरं व्हायचं होतं. बाकी सगळं तिच्याबरोबर चाललं होतं. तेवढं मला सकाळपर्यंत राखायचं होतं.

मी खळ्यात येऊन बसलो, नजर परसाकडे. बाजूला शाळेतले मास्तर बसलेले. देवरूखकडचे, आमच्यात भाड्यानं राहायचे, स्वभावानं वाईट नव्हते. पण गप्प बसणं त्यांना जमत नसे. हंड्याचं कळल्यावर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. गार पाणी टाकलं तर काच जाणारच. बाहेरचं अंग आखडतं, आतलं आखडत नाही. पण खरं सांगू का? नुसत्या उकळत्या पाण्यानं काचेतला ताण निघत नाही. त्याला भट्टीची उष्णता लागते. हंड्यात होतं काय, की ज्या काचा मुळात कच्च्या त्या आतच फुटतात आणि पक्क्या उरतात. म्हणजे तुमच्या मंडळी काचा पक्क्या करत नव्हत्या, निवडत होत्या."

आत तिला हळद-कुंकू लावत होते. बाहेर हा माणूस मला सांगत होता की माझी बायको जन्मभर काय करत नव्हती.

मी परसाकडे बघत मान हलवली. त्यांना वाटलं मला गोडी लागली. "बाहेरच्या देशात तर आता वाळू न घालताच काच करतात," म्हणाले. "टेल्युरियम म्हणून एक पदार्थ असतो, त्याची. मी मासिकात वाचलं. आपल्या काचेपेक्षा पुष्कळ कमी उष्णतेत पातळ होते. जड असते, जराशी पिवळी. उजेड तिच्यात शिरला की फार वाकतो. आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड असतो ना, नुसत्या उष्णतेचा, तोसुद्धा बराच पार जातो तिच्यातून."

"कंदिलाला चालंल?"

"छे! तापली की फुगते फार. गारगरम तिला मुळीच सोसत नाही. लगेच तडकेल."

"मंग कशाला सांगता?"

मास्तर गोरेमोरे झाले. उपरण्यानं चष्मा पुसायला लागले. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या चष्म्याचाही आला. त्याच्या दोन काचा मात्र स्वच्छ होत्या, एक केस नव्हता.

मुलगा मुंबईला गोदीत कामाला. त्याला तार केली होती, पण त्याच्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. अग्नी मलाच द्यायचा होता. म्हणजे मला घर सोडून जायला हवं होतं, आणि पुरुष बाहेर पडले की मागं वहिनी पाणी ओतायला लागणार. मी तिला सांगितलं, विनवलं म्हटलं तरी चालेल. "आतलं सगळं वत. परसातला हंडा तेवढा सोड."

"असं चालत नाय भावजी. सुतकाचं पाणी घरात ठेवू नये. तिलाच तरास व्हईल."

मेलेल्या माणसाला त्रास होतो तो जिवंत माणसांना बरोबर कळतो.

मागच्या दगडी गडग्याला लागून, आम्ही जिला खाला म्हणायचो त्या बाईचं घर. मुसलमानांच्या मोहल्ल्यातलं हे टोकाचं घर, तिचा नवरा गलबतावर होता, दर्यातच गेला. तिची आणि माझ्या बायकोची गडग्यावरून रोजची बडबड. वहिनीला ते कधी आवडलं नाही. खाला बातमी कळल्यापासून परसाच्या कडेला नुसती उभी होती. रडत नव्हती. आत आली नव्हती. मी बाहेर पडताना तिच्याकडे बघितलं, फक्त बघितलं. ती म्हणाली, "जा भाऊ. मी हय बसतंय."

पुढं काय झालं ते मी मसणातून परत आल्यावर कळलं. अंगावरचं ओलं धोतर पिळायच्या आत वहिनी समोर आली.

"भावजी, त्या बाईनं हंडा बाटवला!"

झालं होतं असं. वहिनीनं आतलं सगळं पाणी ओतलं, स्वयंपाकाची चूल विझवली आणि घागर घेऊन परसात आली. खाला चुलीजवळ पाटावर बसलेली. वहिनी म्हणाली, "बाजूला हो." खालानं झाकणावरचा दगड उचलला, झाकण बोटभर सरकवलं, पाण्यात दोन बोटं बुडवली आणि झाकण परत लावून त्यावर दगड ठेवला. "लावलं हात," म्हणाली. "आता ह्या पानी माझा झाला. तुमच्या घरातला नाय, तुमच्या सुतकातला नाय. तुमाला शिवायचा असंल तर शिवा."

वहिनी तीन पावलं मागं सरली. तिच्या हातात घागर होती, पण हंड्याच्या निखाऱ्यांवर पाणी मारायचं तर खालावर शिंतोडे जाणार आणि तिच्या अंगावरून उडालेले परत वहिनीवर येणार. एवढं शास्त्र वहिनीला येतं. तिनं घागर तशीच गडग्यापलीकडं ओतली आणि मला सांगायला थांबून राहिली.

मी हसलो. बायकोला जाळून आलेला माणूस, अंग निथळतंय, आणि मी दारात उभा राहून हसलो. लोकांना वाटलं याचं डोकं गेलं. मास्तर तर मला धरायला उठले.

परसात गेलो. खाला तशीच बसलेली. म्हटलं, "खाला, बोटं पोळली नाय?"

"पोळली तं काय झाला."

"झाकण सरकवलंस. वारा गेला असंल आत."

"येवढ्यानं काय व्हनार नाय. तिनंच सांगितला व्हता मला, वाफ सोडायला बोटभर चालतंय."

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मीच जाळ ओढत होतो आणि ही गोष्ट तिनं मला सांगितली नव्हती, खालाला सांगितली होती. मला जरा राग आला. तिच्यावर, जिला मी आत्ताच जाळून आलो होतो. मग म्हटलं, "तुझ्या कुठल्या काचा ह्यातल्या? तुला पैल्या देतो."

"माझी येक पन नाय. माझी जुनी विलायती हाय अजून."

त्या सगळ्या माणसांत जिचं त्या हंड्यात काही नव्हतं ती एकटी त्याच्यापाशी बसली होती.

सकाळी उजाडल्यावर मी परसात गेलो. राख गार, हंडा गार. झाकण काढून हात घातला. पाणी विहिरीच्या पाण्यासारखं होतं. पेंढा फुगून वास मारत होता. मी एकेक काच वर काढली. कडेला ठेवलेली केसाची काच दोन तुकडे होऊन बसली होती, तिनं सांगितलेली तीच. आणखी एक बुडाशी तडकलेली. बाकी सगळ्या शाबूत. मास्तरांचं बरोबर असेल. निवडत होती तर निवडत होती.

तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसून मी त्या पुढच्या गडग्यावर ओळीनं मांडल्या आणि ओरडलो, "घेऊन जा आपापल्या!"

वहिनी आतून म्हणाली, "भावजी, सुतकाच्या घरातली वस्तू कोण घेईल? दिवस तरी होऊ देत."

कोण घेईल ते तिनं बघितलं. पहिली आली मासळीवाली. मग एकेक. मला शिवू नये म्हणून लांबून वळसा घालत होते आणि काचा मात्र हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत होते, चांगली कुठली, स्वच्छ कुठली. एका चांगल्या काचेवरून दोघांची बाचाबाची झाली, माझ्या दारात, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. शेवटी वहिनीसुद्धा बाहेर आली. तिची एक होती त्यात. तिनं काचेवर तांब्यातल्या पाण्याचा शिपका मारला, पदरात धरली आणि खाली मान घालून घरी ठेवून आली. मी गडग्याला टेकून सगळं बघितलं. थुंकलो नाही, कारण घसा कोरडा पडला होता.

गडग्यावर एकच उरली. बुडबुड्याची. ती कोणी उचलली नाही.

ती घेऊन मी माजघरात गेलो. तिच्या जागेवर पिठावर पणती ठेवलेली, खाडीकडून वारा आत येत होता आणि पणती सारखी विझत होती. दोन म्हाताऱ्या बायका तिला काडी लावत कुरकुरत बसलेल्या. मी आमचा कंदील खाली काढला, वात कातरली, पेटवली, काच बसवली. पणतीच्या शेजारी ठेवला. म्हाताऱ्या म्हणाल्या, असं नसतं करत. मी वात वर केली, आणखी वर केली. काच तापली. टिक् झालं नाही.

मग काच थोडी फिरवली आणि तो ठिपका तिच्या अंथरुणाजवळच्या भिंतीवर आणला.